भिंतीआधीचा माणूस

मोठ्या सार्वजनिक इमारतीच्या भिंतीवर रंगविलेले धर्मचित्र आपण पाहतो, तेव्हा ते पूर्वापार तेथेच असावे असे वाटते. देव, प्रेषित, संत, वीर हे सारे त्या उंचीवर इतके स्थिरावलेले असतात की, त्यांच्यासाठी कोणी हाडामांसाचा मनुष्य चित्रकारासमोर तासन्‌तास हात उचलून उभा राहिला असेल, हा विचारही मनात येत नाही. हा विचार जागा करणारी वस्तू अगदी साधी आहे. भित्तिचित्र रंगविण्यापूर्वी कागदावर केलेले मानवाकृतींचे रेखाटन ही ती वस्तू होय. चित्रकलेच्या इतिहासात तिला फार मोठे स्थान मिळालेले नाही. तरीही, सार्वजनिक भिंतीवर धर्म कसा मांडावा या नाजूक प्रश्नाचा विचार करताना भिंतीपेक्षा हा कागदच अधिक बोलका ठरतो, असे मला वाटते.

अशा कागदांचे नशीब सहसा बरे नसते. शासकीय सेवेत आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्यास हे सहज पटते. इमारत उभी राहिली की मंजूर नकाशा दफ्तरी दाखल होतो. त्याआधीची कच्ची टिपणे, खोडाखोड, बदललेली मापे यांची वासलात रद्दीत लागते. वास्तविक विचार झालेला असतो तो त्या खोडाखोडीत. मंजूर नकाशा हा विचार संपल्याचा दाखला असतो. भित्तिचित्र आणि त्याचे पूर्वरेखाटन यांचे नाते असेच आहे.

प्रथम या कामाची रीत थोडक्यात पाहू. चित्रकार आधी लहान कागदावर एकंदर रचना ठरवितो. मग एकेका आकृतीचा स्वतंत्र अभ्यास करतो. हात कोठवर उचलावा, मान किती कलती असावी, वस्त्राची चुणी गुडघ्यावर कशी मोडावी, हे समोरच्या माणसावरून किंवा स्मरणातून काढून पाहतो. यानंतर चौकटी आखून लहान चित्र मोठे केले जाते आणि भिंतीच्या मापाचा कागद तयार होतो. आपल्याकडच्या जुन्या चितारी परंपरेत यास ‘खाका’ म्हणत. खाक्याच्या रेषांवर सुईने बारीक छिद्रे पाडावयाची, कागद पृष्ठभागावर धरावयाचा आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावरून हलकेच थोपटावयाची, की खाली ठिपक्यांची आकृती उमटते. ज्या घरांतून उदबत्तीने भोके पाडलेला कागद अंगणात ठेवून रांगोळीचे ठिपके उमटविले जात, त्या घरांतील वाचकांना ही क्रिया अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. तत्त्व तेच, केवळ अंगणाच्या जागी भिंत आली.

अजिंठ्याच्या चित्रकारांनी मात्र पहिली आकृती गेरूच्या लाल रेषेने थेट गिलाव्यावरच काढली आणि मग ती रंगाने झाकली. काही ठिकाणी रंगाचे पापुद्रे गळून पडल्यावर ती रेषा पुन्हा दिसू लागली आहे. म्हणजे तेथे पूर्वरेखाटन पाहावयाचे, तर चित्राचा नाश व्हावा लागतो. कागदावर काढलेल्या रेखाटनाचे भाग्य असे की, चित्र शाबूत असतानाही ते वेगळे पाहता येते आणि दोन्हींची तुलना करता येते. रोमच्या सिस्टीन प्रार्थनामंदिराच्या छतावर मायकेलअँजेलोने रंगविलेल्या लिबियाच्या भविष्यवादिनीचे एक लाल खडूचे रेखाटन न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. छतावर ती भव्य स्त्री आहे. कागदावर मात्र पाठ वळवून बसलेला एक तरुण पुरुष आहे. शरीराचा सारा भार ज्यावर येतो, तो पायाचा अंगठा चित्रकाराने पुन्हा पुन्हा काढून पाहिला आहे. भविष्यवाणी सांगणारी ती देवतुल्य स्त्री आधी एक कष्टाने तोल सांभाळणारा मुलगा होती, हे छत सांगत नाही, कागद सांगतो.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. प्रार्थनामंदिरात सारे प्रेक्षक एका श्रद्धेचे असतात. जी इमारत सर्वांच्या करातून उभी राहिली आणि सर्वांसाठी उघडी आहे, तिच्या भिंतीवर धर्मचित्र आले तर काय होते? याचे ठळक उदाहरण अमेरिकेतील बॉस्टन शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात सापडते. ग्रंथालयाची कॉप्ली चौकातील इमारत १८९५ साली खुली झाली. तिच्या मुख्य दारावर ‘सर्वांना मुक्त’ अशा अर्थाची अक्षरे कोरलेली आहेत. तिसऱ्या मजल्यावरील दालनाच्या भिंती रंगविण्याचे काम १८९० मध्ये जॉन सिंगर सार्जंट (१८५६–१९२५) या विख्यात व्यक्तिचित्रकाराकडे आले. ‘धर्माचा विजय’ हा विषय त्याने निवडला आणि सुमारे तीन दशके तो या कामात गुंतून राहिला. इंग्लंडमधील आपल्या चित्रशाळेत तो मोठ्या कापडावर चित्रे रंगवी आणि मग ती बॉस्टनला नेऊन भिंतीवर चिकटविली जात. १८९५, १९०३, १९१६ आणि १९१९ अशा चार टप्प्यांत ती लागली.

या कामासाठी सार्जंटने कोळशाने केलेली रेखाटने विपुल आहेत. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या दोघी बहिणींनी ती हार्वर्ड विद्यापीठाचे फॉग संग्रहालय, बॉस्टनचे ललितकला संग्रहालय अशा संस्थांना देऊन टाकली, म्हणून आज ती अभ्यासता येतात. प्रेषितांच्या रांगेसाठी त्याने जाड वस्त्रांच्या चुण्या वेगळ्या काढल्या, हात वेगळे काढले. नरक आणि अंतिम न्याय या प्रसंगांसाठी उघड्या शरीराचे पुरुष पडलेल्या, ओढलेल्या, वाकलेल्या अवस्थांत काढले. त्याचा इटालियन सेवक निकोला दिन्व्हेर्नो वीस वर्षांहून अधिक काळ त्याच्याजवळ होता आणि नमुना म्हणूनही उभा राहत असे. मोशे, होशेय, यशया यांच्या नावांनी जी चित्रे लोकांनी भक्तिभावाने पाहिली, ती अशी पगारी माणसांच्या थकलेल्या खांद्यांतून घडत गेली.

याहून बोलके उदाहरण त्याच शहरातील ललितकला संग्रहालयाच्या घुमटाखालच्या चित्रांचे आहे. तेथे विषय ग्रीक देवतांचा होता आणि काम १९१६ नंतरचे. त्यासाठी सार्जंटने थॉमस मॅकेलर या तरुणास नमुना म्हणून घेतले. मॅकेलर कृष्णवर्णीय होता आणि बॉस्टनमधील एका हॉटेलात लिफ्ट चालवीत असे. कागदावर त्याचे शरीर, त्याची चेहरेपट्टी स्पष्ट आहे. घुमटाखाली तोच देह गोऱ्या अपोलोचा झाला, इतकेच नव्हे तर काही देवींचाही झाला. भिंतीवर मॅकेलर कोठेच नाही. त्याची ही रेखाटने सार्जंटने इझाबेला स्ट्युअर्ट गार्डनर या कलासंग्राहक बाईंना दिली होती. त्यांच्या नावाच्या संग्रहालयाने २०२० मध्ये त्यांचे प्रदर्शन भरविले आणि शंभर वर्षांनी त्या माणसाचे नाव चित्रांशी जोडले गेले. कागद राहिला म्हणून माणूस राहिला.

ग्रंथालयाच्या भिंतीकडे परत येऊ. १९१९ मध्ये तेथे दोन स्त्री-आकृती लागल्या. एकीचे नाव चर्च आणि दुसरीचे सिनेगॉग, म्हणजे यहुदी प्रार्थनामंदिर. चर्च ही तरुण, समोर स्थिर दृष्टीने पाहणारी. सिनेगॉग ही म्हातारी, डोळ्यांवर पट्टी बांधलेली, मोडक्या राजदंडासह कोसळलेली. ही कल्पना सार्जंटची नव्हे. मध्ययुगीन युरोपातील स्ट्रासबर्गसारख्या कॅथेड्रलांच्या शिल्पांतून ती चालत आलेली होती. परंतु कॅथेड्रल आणि ग्रंथालय यांत फरक आहे. कोकणातील बेने इस्रायल बांधवांमुळे यहुदी समाज मराठी माणसाला परका नाही. शहाण्या शेजाऱ्याच्या धर्मास असे आंधळे आणि पराभूत दाखविणारे चित्र आपल्या गावच्या वाचनालयात लागले, तर त्या शेजाऱ्यास काय वाटेल, याची कल्पना आपण करू शकतो. बॉस्टनच्या यहुदी नागरिकांनी आक्षेप घेतला की, ही भिंत आमच्याही पैशाची आहे. प्रकरण राज्याच्या विधिमंडळापर्यंत गेले. चित्र तेथून काढण्यासाठी १९२२ मध्ये कायदा झाला आणि १९२४ मध्ये तो मागे घेण्यात आला. त्याच वर्षी कोणी तरी त्या चित्रावर शाई फेकली. चित्र तेथेच राहिले.

सार्जंटच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. साऱ्या मालिकेचा शेवट तो येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने करणार होता. मूर्ती, कर्मकांड, मतप्रणाली हे सारे ओलांडून धर्म अखेर माणसाच्या अंतःकरणात पोचतो, असे त्यास दाखवावयाचे होते. ते चित्र त्याने कधीच पूर्ण केले नाही. १९२५ मध्ये तो वारला आणि त्यासाठी राखलेली जागा रिकामीच राहिली. त्यामुळे ज्या वाक्याने सारा अर्थ बदलला असता, ते वाक्य लिहिलेच गेले नाही. मधलेच एक कठोर वाक्य मात्र कायमचे भिंतीवर राहिले.

या सर्व प्रकरणात मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. रेखाटनात पराभूत धर्म नसतो. तेथे फक्त एक वाकलेली मान, एक निसटता हात असतो. त्या देहावर विजयाचे किंवा पराजयाचे नाव चढते ते भिंतीवर. कागदावरचा माणूस कोणत्याही धर्माचा शत्रू नसतो.

बॉस्टनहून वडोदऱ्यास येण्यास एक खरा दुवा आहे. महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) १९०६ मध्ये अमेरिकेस गेले असताना तेथील मोफत सार्वजनिक ग्रंथालयांनी फार प्रभावित झाले. १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणले आणि त्यांच्या हातून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे उभे करण्यास आरंभ केला. सर्वांसाठी उघडी इमारत ही कल्पना बडोद्यात अशी रुजली. त्याच राजाने आपल्या राज्यकारभाराच्या हीरक महोत्सवाच्या सुमारास, १९३६ मध्ये, विश्वामित्री नदीजवळ कीर्तिमंदिर उभारले. गायकवाड घराण्यातील दिवंगतांचे हे स्मारक. त्यातील मुख्य दालनाच्या चार भिंती रंगविण्यासाठी शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे प्रमुख नंदलाल बोस (१८८२–१९६६) यांना पाचारण करण्यात आले.

गायकवाडांच्या दरबारात धर्मचित्रे नवी नव्हती. राजा रविवर्मा यांच्याकडून सयाजीरावांनी १८८८ ते १८९० च्या दरम्यान चौदा पौराणिक चित्रे करवून घेतली होती. ती तैलरंगातील, राजवाड्यासाठीची. कीर्तिमंदिराचे काम वेगळे होते. येथे चित्र भिंतीचाच भाग व्हावयाचे होते आणि ते येईल त्या प्रत्येकाने पाहावयाचे होते.

नंदलालांची तयारी या कामासाठी तीस वर्षे चाललेली होती, असे म्हटले तरी चालेल. तरुणपणी त्यांनी लेडी हेरिंगहॅम यांच्या पथकात अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात होते. १९२१ मध्ये ग्वाल्हेर संस्थानातील बाघ लेण्यांत असित हालदार व सुरेंद्रनाथ कर यांच्यासह त्यांनी तेच काम केले. प्रतिकृती करणे म्हणजे जुन्या चित्रकाराची रेषा आपल्या हाताने पुन्हा चालणे. पुढे महात्माजींच्या सांगण्यावरून त्यांनी काँग्रेस अधिवेशनांची सजावट केली; १९३६ चे खानदेशातील फैजपूर आणि १९३८ चे गुजरातेतील हरिपुरा ही त्यांतील प्रमुख. हरिपुऱ्याच्या फलकांवर ढोलवादक, सुतार, शिंपी, दळणकांडण करणाऱ्या स्त्रिया दिसतात. खिशात मावणाऱ्या कार्डांवर ते सतत रेखाटने करीत. विलायती पद्धतीच्या कलाशाळांप्रमाणे नमुन्यास तासन्‌तास बसवून ठेवण्याची रीत शांतिनिकेतनात नव्हती. चालत्या-बोलत्या माणसास पाहावे, त्याची लय मनात साठवावी आणि मग स्मरणातून रेषा काढावी, हा तेथला शिरस्ता. सार्जंटच्या रेखाटनात कोळशाची छाया शरीराचा भार दाखविते. नंदलालांच्या रेखाटनात एक रेषाच शरीराची हालचाल सांगते. दोघांच्या मुळाशी मात्र जिवंत माणूसच आहे. नंदलालांची अशी हजारो रेखाटने व चित्रे नवी दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत.

कीर्तिमंदिराच्या चार भिंतींचे काम १९३९ पासून टप्प्याटप्प्याने झाले. १९३९ मध्ये गंगावतरण, १९४० मध्ये मीराबाईचे जीवन, १९४३ मध्ये ‘नटीर पूजा’ आणि १९४५-४६ मध्ये अभिमन्यूचा वध. कलाभवनाचे विद्यार्थी मदतीस होते. अनेक हातांनी एक चित्र रंगवावयाचे, तर गुरूच्या रेखाटनाचा आधार सर्वांना लागतो. तेच त्यांचे आज्ञापत्र. सयाजीराव फेब्रुवारी १९३९ मध्ये निवर्तले, त्यामुळे पूर्ण झालेले दालन त्यांना पाहावयास मिळाले नाही.

आता या चार विषयांकडे पाहावे. राजघराण्याच्या स्मारकात आपण काय अपेक्षितो? दिग्विजय, राज्याभिषेक, घोड्यावरचे पूर्वज. दमाजीराव, पिलाजीराव यांच्या पराक्रमाचे प्रसंग चित्रकारास कमी पडले नसते. येथे त्यांतले काहीच नाही. भगीरथ हा राजा आहे, पण राज्य सोडून पितरांसाठी तप करणारा. पितरांच्या स्मारकास याहून समर्पक कथा सापडणे कठीण. मीरा ही राजवधू आहे, पण राणाजींची आज्ञा न मानणारी. परंपरा सांगते की, तिचा शेवट द्वारकेस झाला. आणि द्वारका ज्या ओखामंडळात आहे, ते गायकवाडांच्या मुलखात होते. अभिमन्यू मोठमोठ्या महारथींकडून अन्यायाने मारला गेला.

चौथी कथा सर्वांत धाडसी आहे. ‘नटीर पूजा’ हे रवींद्रनाथांचे १९२६ मधील नाटक, जुन्या बौद्ध कथेवरून रचलेले. राजा अजातशत्रूने बुद्धपूजेस बंदी केली. राजवाड्यातील नटी श्रीमती हिला स्तूपापुढे नाचण्याचा हुकूम झाला, तो पूजेचा अपमान व्हावा म्हणून. ती नाचली, पण नाचता नाचता एकेक अलंकार उतरवीत तिने त्या नृत्याचीच पूजा केली आणि त्यासाठी प्राण दिला. शांतिनिकेतनातील १९२६ च्या प्रयोगात श्रीमतीची भूमिका नंदलालांची कन्या गौरी हिने केली होती. १९४२ मध्ये शांतिनिकेतनच्या चीनभवनात नंदलालांनी हा विषय भिंतीवर आणला आणि पुढच्याच वर्षी बडोद्यात पुन्हा घेतला. म्हणजे एक भिंत दुसऱ्या भिंतीचे पूर्वरेखाटन झाली. आणि दोन्हींच्या आधी पित्याने पाहिलेली मुलीची नृत्यमुद्रा होती. ते वर्ष बंगालच्या भीषण दुष्काळाचे होते, हेही विसरता येत नाही.

एका हिंदू राजघराण्याच्या स्मारकात राजाज्ञा मोडून मरणाऱ्या बौद्ध दासीला एक संपूर्ण भिंत मिळाली. येथे बॉस्टनशी तुलना मनात येते. त्या भिंतीवर एक धर्म दुसऱ्यास हरवितो आणि शेजारी दुखावतो. या भिंतीवर श्रद्धा सत्तेपुढे उभी राहते आणि हरूनही मोठी होते. दुखावलीच तर ती सत्ता, आणि या इमारतीपुरती ती सत्ता म्हणजे खुद्द यजमान. यजमानाने ते चालवून घेतले, यात गायकवाडांच्या राज्यदृष्टीचा खरा गौरव आहे. आणि नंदलालांना हे साधले, याचे एक कारण मला त्यांच्या रेखाटनाच्या सवयीत दिसते. ज्याने आयुष्यभर सुतार, ढोलक्या, कष्टकरी स्त्री यांना कागदावर आदराने काढले, त्यास भिंतीवर विजेत्यांची रांग मांडणे रुचले नसते. त्याचा हात आधीच दुसऱ्या माणसांना सरावलेला होता.

दोन-दोनशे वर्षे गुजरातेत, माळव्यात, हैदराबादेत राहिलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांना या गोष्टीचे महत्त्व विशेष वाटावे. आपले पूर्वज येथे सत्तेबरोबर आले. सत्ता गेली, आपण राहिलो. वडोदऱ्यातील मराठी स्मारकाच्या भिंतीवर एका बंगाली चित्रकाराने मेवाडची मीरा, मगधाची नटी आणि कुरुक्षेत्रावरील कोवळा अभिमन्यू रंगविला. मराठी सरदार त्यात एकही नाही, तरी ते स्मारक आपले आहे. किंबहुना त्यामुळेच ते इतर सर्वांचेही आहे. सार्वजनिक इमारतीत टिकावयाची कीर्ती ती हीच.

भिंती कालांतराने मळतात, गिलावा ओल धरतो, रंगाचे पापुद्रे सुटतात. त्या वेळी मूळ रेषा कशी होती, हे सांगावयास पूर्वरेखाटनासारखा साक्षीदार नाही. म्हणून अशा भित्तिचित्रांच्या जतनाचा विचार जेव्हा होईल, तेव्हा संग्रहालयांतून असलेल्या संबंधित रेखाटनांच्या छायाप्रती मिळवून त्या चित्रांजवळच मांडाव्यात, असे सुचवावेसे वाटते. यास फार मोठा खर्च येणार नाही. आपल्यासारख्या मंडळांनी त्यासाठी पत्रव्यवहार करावा आणि शाळेतील मुलांना ती दाखवावीत. मूल कागदाकडे पाहील, मग मान वर करून भिंतीकडे पाहील. वरची ती देवी कोणे एके काळी नाचणारी एक मुलगी होती, हे त्यास उमजले, तर चित्रकाराचा आणि इमारत बांधणाऱ्याचाही हेतू सफल झाला म्हणावयाचे.